भटक्या कोकराचा पाय मेंढपाळ खरंच मोडायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : प्रवचनात सांगितलं गेलं, की कळप सोडून सारखं भटकणाऱ्या कोकराचा पाय मेंढपाळ मुद्दाम मोडतो, तो जुळेपर्यंत त्याला खांद्यावर वागवतो, आणि बरं झाल्यावर ते कोकरू त्याला कधीच सोडत नाही. तुमचा पाय अपघातात मोडला आहे आणि भेटायला येणारा जो तो आता हाच दाखला ऐकवून जातो. हे बायबलमध्ये कुठे आहे, आणि तेविसाव्या स्तोत्राबद्दल अशाच ज्या गोष्टी कानावर पडतात (डोक्याला तेल, मेज, पाठीवर पडलेलं मेंढरू) त्यातलं किती खरं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येतं. कुठेही नाही. बायबलमध्ये नाही, मिश्नात (यहुद्यांच्या जुन्या नियमसंग्रहात) नाही, बाबिलोनच्या कायद्यांत नाही. हा दाखला विसाव्या शतकातल्या इंग्रजी प्रवचनांतून पसरला आणि तिथून आपल्याकडे आला. पण मला वाटतं तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. माझा पाय देवाने मोडला का, हे तुम्हाला विचारायचंय, आणि भेटायला येणारे त्याचं उत्तर मेंढ्यांच्या धंद्यातली माहिती म्हणून तुमच्या गळ्यात घालतायत. म्हणून आधी धंद्याचं बोलू. शेळ्या-मेंढ्यांवर उपचार करणं हे माझं काम, आणि रविवारी मी बायबलचा वर्गही घेतो, त्यामुळे असे दाखले दोन्ही दारांनी माझ्यापर्यंत येतात.

एक गोष्ट मात्र आधीच मान्य करतो. ‘बायबलमधला मेंढपाळ’ असा एक माणूस नाही. याकोब सासऱ्याची जनावरं वाट्याने राखतो. दावीद घरातला धाकटा मुलगा म्हणून राखतो. राहेल आणि मिद्यानातल्या याजकाच्या सात मुली बापाच्या कळपाला पाणी पाजतात. योहानाच्या दहाव्या अध्यायात मजुरीवर ठेवलेला गडी आहे. हा हजार वर्षांहून मोठा काळ आहे, आणि डोंगर, वाळवंट, गाव यांप्रमाणे रीत बदलते. तेव्हा ‘त्या काळी मेंढपाळ नेहमी अमुक करत’ अशी सुरुवात ऐकली की मी सावध होतो. मग मी इतकंच बघतो : मजकुरात हे आहे का, त्या काळच्या करारांत आणि नियमांत बसतं का, जनावराला ते झेपेल का, आणि मूळ हिब्रू-ग्रीक शब्दात आहे की फक्त इंग्रजी शब्दाच्या खेळातून निघालंय. बहुतेक दाखले या शेवटच्या चाळणीत अडकतात.

आता तो मोडलेला पाय. कोवळ्या कोकराचं गुडघ्याखालचं हाड मोडलं तर तीन-चार आठवड्यांत जुळतं, पण त्यासाठी काय काय करावं लागतं ते पाहा. कापसाचा जाड थर, त्यावर खपच्या, आणि खपचीने मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे धरलेले हवेत. कोकरू वाढत असतं, म्हणून दर आठवड्याला बांधणं सोडून बघायचं. खूर गार पडला किंवा सुजला तर पट्टी आवळली गेली आहे, लगेच सोडायची, नाहीतर खालचा भाग सडतो. मांडीचं हाड असेल तर खपचीचा उपयोगच नाही. कातडी फाटून हाड उघडं पडलं, तर माशा बसणार, किडे पडणार, आणि औषधं नसलेल्या काळात बहुधा जनावर जाणार. मोठ्या मेंढीचं हाड सहा-आठ आठवडे घेतं. हे सगळं माळावर, रोज आठ-दहा किलोमीटर चालणाऱ्या कळपामागे. दोन-तीन महिन्यांचं कोकरू पंधरा-वीस किलो भरतं. ते महिनाभर खांद्यावर घेतल्यावर उरलेल्या कळपाकडे बघणार कोण? आणि त्याला दर काही तासांनी आईच्या कासेला लावायचं, ते वेगळंच.

बरं, जनावर बऱ्याचदा राखणाऱ्याचं नसतंच, मालकाचं असतं. निर्गम २२ मध्ये दुसऱ्याचं जनावर सांभाळायला घेतलं तर काय, याचे नियम आहेत. ते मेलं, जायबंदी झालं किंवा कुणी हाकून नेलं आणि साक्षीदार नसेल, तर राखणाऱ्याने परमेश्वरापुढे शपथ घ्यायची की मी हात लावला नाही. तिथला ‘जायबंदी’साठीचा हिब्रू शब्द शब्दशः ‘मोडलेलं’ असाच आहे. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल राखणाऱ्याला शपथेवर निर्दोष ठरावं लागायचं, तीच तो शहाणपण म्हणून करायचा, असं हा दाखला सांगतो! शिवाय लेवीय २२:२२ प्रमाणे हाड मोडलेलं जनावर अर्पणाला चालत नाही. म्हणजे मालाची किंमतही गेली.

आणि सगळ्यात ठळक म्हणजे यहेज्केल ३४. तिथे इस्राएलाच्या मेंढपाळांवर आरोपपत्रच ठेवलंय : दुबळ्यांना बळ दिलं नाही, आजाऱ्यांना बरं केलं नाही, मोडलेल्याला पट्टी बांधली नाही, भरकटलेलं परत आणलं नाही, हरवलेलं शोधलं नाही, उलट जुलूम-जबरदस्तीने सत्ता गाजवली. सोळाव्या वचनात परमेश्वर म्हणतो, हे मी स्वतः करीन, आणि त्या यादीत मोडलेल्याला पट्टी बांधणंही आहे. जखऱ्या ११:१६ मधल्या नालायक मेंढपाळाची खूणही तीच, तो मोडलेल्याला बरं करत नाही. मजकुरातला मेंढपाळ हाड बांधतो. मोडत नाही. दाखला नुसता निराधार नाही, उलटा आहे.

मग भटकणाऱ्या जनावराचं करायचं काय? जगभर जे करतात तेच. गळ्यात लोढणं, पुढच्या पायाला सैल दोरी, भटक्याला एखाद्या शांत, घंटा बांधलेल्या म्होरक्याच्या जोडीला ठेवणं, किंवा ते जिकडे वळतंय त्याच्या पुढ्यात गोफणीचा दगड टाकणं. दाविदाच्या हातात गोफण काही गल्याथसाठी नव्हती. आणि मुळात जनावर का भटकलं हे आधी बघायचं. व्यायला आलेली मेंढी तास-दोन तास आधी कळपातून बाजूला होते, तो तिचा स्वभाव. खुरात दुखणं असलेली मागे पडते. कोकरू झुडपाखाली झोपतं आणि कळप पुढे निघून जातो. मिठाला आसुसलेली जनावरं भलतीकडे वळतात. बंडखोर मेंढरू हा प्राणी प्रवचनात जितका सापडतो तितका माळावर सापडत नाही. यशया ४०:११ मध्ये पाजणाऱ्या मेंढ्यांना मेंढपाळ हळूहळू नेतो, आणि उत्पत्ती ३३ मध्ये याकोब एसावाला सांगतो की एक दिवस जरी दामटलं तरी कळप मरेल. चाल ठरवतो तो सगळ्यात मागे पडलेला.

आता तेविसावं स्तोत्र. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण त्यावरच सगळ्यात जास्त पुटं चढली आहेत.

‘तुझी आकडी व तुझी काठी’ असं आपण मराठीत म्हणतो. आकडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बाभळीची फांदी खाली ओढायची लांब काठी येते, आणि चित्रांत बघितलेला वाकड्या टोकाचा दंड. हिब्रूत पहिला शब्द आहे शेवेत, म्हणजे आखूड, जड सोटा. श्वापद आलं तर हाणायचा, आणि संध्याकाळी जनावरं मोजताना आडवा धरायचा. लेवीय २७:३२ मध्ये काठीखालून जाणारं दर दहावं जनावर परमेश्वराचं ठरतं, ती काठी हीच. दुसरा शब्द मिशएनेत, म्हणजे टेकायची लांब काठी. एक मारायला आणि मोजायला, दुसरी चालायला. स्तोत्रकर्त्याला धीर येतो तो यामुळे, की राखणाऱ्याच्या हातात हत्यार आहे आणि संध्याकाळी माझी गणती होणार आहे.

इथे उलट्या बाजूचाही एक गोड गैरसमज आहे. ‘मेंढपाळाचा सोटा मारण्यासाठी नसतोच, म्हणून नीतिसूत्रांमधली छडीही केवळ मार्गदर्शनाची.’ मुलांना मारू नये हे मलाही पटतं, पण हे कारण खोटं आहे. शेवेत हाच शब्द निर्गम २१:२० मध्ये दासाला मारण्याबद्दल येतो, आणि नीतिसूत्रे २३:१३ मध्ये छडीने मारण्याबद्दलच. चांगल्या गोष्टीसाठी मेंढरांची खोटी साक्ष कशाला काढायची?

‘हिरव्या कुरणात बसवतो’ यातला ‘बसवतो’ मराठीत जरा फसवतो. आपल्याकडे शेतात मेंढरं बसवणं म्हणजे लेंडीखतासाठी रात्री शेतात कळप मुक्कामाला ठेवणं. हिब्रू क्रियापद जनावराने पाय दुमडून आडवं होण्याचं आहे. तेच क्रियापद गीतरत्न १:७ मध्ये दुपारच्या विश्रांतीसाठी येतं. पहाटेपासून चरायचं, ऊन चढलं की सावलीत बसून रवंथ करायचं, पाणी प्यायचं, उतरत्या उन्हात पुन्हा चरायचं. मेंढरू दिवसातले साधारण आठ तास रवंथ करतं. म्हणजे दुसऱ्या वचनात कळपाचा अख्खा दिवस आला. ‘मेंढरू चार अटी पूर्ण झाल्याशिवाय बसतच नाही’ असं जे सांगतात त्यात एवढाच अंश खरा, की भुकेलं किंवा बिथरलेलं जनावर निवांत रवंथ करत नाही. अटींचा पक्का आकडा कुठून आला ते सांगणाऱ्यांनाच ठाऊक.

आणि ते कुरण म्हणजे इंग्लंडातली गुडघाभर हिरवळ नव्हे. यरुशलेमात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला पंचवीस-तीस किलोमीटर उतरून मृत समुद्राकाठी गेलं की शंभराच्याही खाली. महाबळेश्वराहून माणदेशात उतरल्यावर जसं एकदम आभाळ बदलतं, तसंच हे पर्जन्यछायेचं गणित. यहुदाच्या त्या उतारावर पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो, एप्रिलला संपतो, आणि हिरवं दिसतं ते डिसेंबर ते मार्च. तेही दगडांच्या आडोशाला बोटभर वाढलेलं गवत. जनावर चार घास खाऊन पुढच्या दगडाकडे जातं. म्हणून ‘मला काही उणे पडणार नाही’ हे भरलेल्या कोठाराचं वाक्य नाही. आजचं आज मिळेल, उद्याचं कुठे मिळेल ते नेणाऱ्याला माहीत आहे, एवढंच ते आहे. हे स्तोत्र समृद्धीच्या प्रवचनात वापरणाऱ्यांनी उन्हाळ्यात तो उतार एकदा बघावा.

पाण्याबद्दलही असंच. ‘संथ पाणी’ला हिब्रूत ‘विश्रांतीचं पाणी’ म्हटलंय, मुक्कामाच्या जागचं पाणी. तिथल्या ओढ्यांना लांबच्या डोंगरात पाऊस पडला की ऊन असतानाही अचानक लोंढा येतो, तेव्हा वाहत्या ओढ्यापेक्षा विहीर-टाकं बरं. उत्पत्ती २९ मध्ये विहिरीच्या तोंडावर मोठी धोंड आहे आणि सगळे कळप जमल्याशिवाय ती हलवत नाहीत. पाण्याची वाटणी आहे ती, याकोब-राहेलचा रोमान्स नंतर.

मेज आणि तेल. काही जण सांगतात, मेज म्हणजे उंचावरचं सपाट पठार, तिथली विषारी झुडपं मेंढपाळ आधी उपटून ठेवतो. ही करामत स्पॅनिशातल्या ‘मेसा’ या शब्दाची. त्याचे दोन्ही अर्थ होतात, मेज आणि पठार. हिब्रू शुल्हान म्हणजे जेवणाचं मेज, पठार नव्हे. तेलाचंही तसंच : नाकात शिरणाऱ्या माशीपासून बचाव म्हणून मेंढपाळ डोक्याला तेल चोपडतो, असं सांगतात. माशी खरी आहे. ती नाकपुडीशी अळ्या सोडते, अळ्या आत शिरतात, जनावर शिंकतं, डोकं आपटतं, नाकातून शेंबूड गाळतं. आज त्याला आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देतो. टाळूवर तेल घालून नाकातल्या अळ्या मरत नाहीत. पाचव्या वचनात चित्रच बदललंय. तिथे यजमान आहे, पाहुणा आहे, वाढलेलं पान आहे, भरलेला पेला आहे, आणि पाहुण्याच्या डोक्याला तेल आहे. लूक ७:४६ मध्ये येशू शिमोन परुश्याला हेच सुनावतो, की तू माझ्या डोक्याला तेल लावलं नाहीस. मेंढरू पाचव्या वचनापर्यंत ओढत नेलं की तो पाहुणचार हरवतो. शत्रूंच्या देखत कुणी आपल्याला मानाने जेवायला बसवतं, ही केवढी मोठी गोष्ट!

पाठीवर पडलेलं मेंढरू तर निव्वळ इंग्रजीचं देणं. स्तोत्र ४२ मध्ये ‘खिन्न’ या अर्थाने इंग्रजी बायबलात जो शब्द आहे (‘कास्ट डाऊन’), त्यात उलथ्या पडलेल्या मेंढरासाठी इंग्रज मेंढके वापरतात तो शब्द (‘कास्ट’) दडलेला आहे. त्यावरून अख्खं प्रवचन उभं राहतं, आणि आपण मराठीत ते भाषांतर करून सांगतो, जिथे तो श्लेष उरतच नाही. एरवी ही अवस्था खरी आहे. गाभण किंवा भरगच्च लोकरीची, रुंद पाठीची मेंढी खळग्यात पाठीवर पडली तर उठू शकत नाही. पोटातला वायू ढेकरेवाटे निघत नाही, पोट फुगून फुप्फुसं दाबली जातात, काही तासांत मरते. अशी दिसली तर कुशीवर वळवा, उभी करा आणि पाय स्थिर होईपर्यंत दोन-चार मिनिटं धरून ठेवा. सोडली की पुन्हा कोलमडते. फक्त त्याला स्तोत्र ४२ चिकटवू नका.

शेळ्या वाईट आणि मेंढ्या चांगल्या हा समज मत्तय २५ वरून आला, जिथे मेंढपाळ मेंढ्या उजवीकडे आणि शेळ्या डावीकडे वेगळ्या करतो. हिब्रूत ‘त्सोन’ म्हणजे नेमकं आपलं ‘शेरडं-मेंढरं’. कळप मिश्रच असायचा. वल्हांडणाचा पशू मेंढ्यांतून घ्या किंवा शेळ्यांतून, असं निर्गम १२:५ म्हणतं. निवासमंडपावरचे अकरा पडदे शेळीच्या केसांचे. नीतिसूत्रे २७ मध्ये घरादाराला पुरणारं दूध शेळीचं. उत्पत्ती ३० मध्ये याकोब मजुरी म्हणून काळी मेंढरं आणि ठिपक्यांच्या शेळ्या मागतो. यावरून सरसकट मेंढ्या पांढऱ्या आणि शेळ्या काळ्या होत्या हे कळतं, आणि त्याचा सासरा लाबान इतक्या चटकन का कबूल झाला तेही. अवासी मेंढी, त्या प्रदेशातली जाड शेपटीची जात, आजही पांढऱ्या अंगाची आणि तपकिरी तोंडाची असते. लेवीय ३:९ मध्ये कण्याजवळून कापायची ती चरबीची अख्खी शेपूट हीच. तेव्हा संध्याकाळी वेगळं करणं हे रोजचं, डोळ्यांनी चटकन होणारं काम. शेळीच्या अंगावर लोकर नाही, तिला थंडी-पाऊस सोसत नाही, आडोसा लागतो. मेंढी उघड्यावर राहते. दृष्टान्त त्या कामाचा वेग उसना घेतो. शेळीचा स्वभाव त्यात आलेला नाही.

लांडगा आणि मजूर यांच्याबद्दल मात्र करार वाचल्याशिवाय योहान १० नीट कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात (कलम २६१ ते २६७) मेंढपाळाची वर्षाची मजुरी धान्यात ठरलेली आहे. देवाचा कोप झाला किंवा सिंहाने मारलं तर तो देवापुढे निर्दोष असल्याचं सांगतो आणि नुकसान मालकाचं. हयगयीने रोग पसरला तर भरपाई राखणाऱ्याची. मिश्नात, जी इसवी सन २०० च्या सुमारास लिहून झाली, आणखी बारीक हिशेब आहे (बावा मेत्सिया ७:९). एक लांडगा आला तर ती टाळता न येणारी आपत्ती नव्हे, दोन आले तर आपत्ती. सिंह, अस्वल, बिबळ्या, लुटारू हे आपत्तीत धरले जातात. पण राखणाऱ्याने स्वतःच कळप श्वापदांच्या जागी नेला असेल तर कुठलीच सबब चालत नाही.

आता योहान १०:१२ वाचा. मजूर ‘लांडगा’ येताना बघतो, एकवचनी, आणि पळतो. ज्यांना हा हिशेब तोंडपाठ होता त्यांना ऐकतानाच कळलं असेल : एका लांडग्यासमोर पळाला म्हणजे भरपाई याच्याच अंगावर. आणि उत्तम मेंढपाळ जीव देतो ते कराराच्या पलीकडचं. कुठलाही करार राखणाऱ्याकडून जीव मागत नव्हता. आमोस ३:१२ मधलं सिंहाच्या तोंडातून ओढून काढलेलं ‘दोन पाय किंवा कानाचा तुकडा’ हेसुद्धा बचावाचं चित्र नाही. निर्गम २२:१३ प्रमाणे फाडलेल्या जनावराचा अवशेष पुरावा म्हणून दाखवायचा असतो. जनावर गेलंय, हातात फक्त पुरावा आहे. आमोसाचं वाक्य म्हणून इतकं थंडगार लागतं. आणि याकोब लाबानाला सांगतो, फाडलेलं मी तुमच्याकडे आणलंच नाही, तोटा मीच सोसला. म्हणजे हक्काची सूटही त्याने घेतली नाही.

लूक १५ मधल्या हरवलेल्या मेंढराच्या दृष्टान्ताबद्दल एवढंच. ‘नव्व्याण्णव वाऱ्यावर सोडून तो एकामागे वेड्यासारखा धावला’ असं गाण्या-प्रवचनांत येतं. शंभर जनावरांमागे एकच माणूस असेलच असं नाही. १ शमुवेल १७:२० मध्ये दावीद कळप राखणाऱ्याच्या हवाली करूनच निघतो. लूक तपशील सांगत नाही, म्हणून मीही ठामपणे भरत नाही. पण मोजल्यावर एक कमी निघालं की कुणीतरी जायचंच, यात कुणाला नवल वाटलं नसतं, म्हणूनच तर येशू ‘तुमच्यातला असा कोण आहे’ असं विचारतो. आणि खांद्यावर येतं ते मेंढरू आहे, चित्रातलं मुठीएवढं कोकरू नव्हे. वाढलेली अवासी मेंढी ४५ किलोच्या पुढे भरते. सीरियातल्या दुरा-युरोपोसच्या बाप्तिस्मागृहात, तिसऱ्या शतकातल्या भिंतीवर, मेंढपाळाच्या खांद्यावर भलामोठा मेंढा आहे. तो चित्रकार मेंढ्या बघितलेला होता.

नाताळचे मेंढपाळ झटपट उरकतो. एक मत म्हणतं ते समाजाने वाळीत टाकलेले, साक्षीलाही न चालणारे. दुसरं म्हणतं ते मंदिराचे खास मेंढपाळ, जे निर्दोष कोकरांना फडक्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवत. कधीकधी एकाच प्रवचनात दोन्ही ऐकायला मिळतं! पहिल्याचा आधार मिश्ना आणि त्यानंतरचा, तिच्यावर चर्चा करणारा तालमूद. तिथे हा धंदा चोरीचा मानलाय खरा, कारण दुसऱ्याच्या रानात चारणं. पण लूक तसं काही सुचवत नाही, लोक त्यांचं ऐकून नवल करतात. दुसऱ्याचा आधार मिश्नातलंच शेकालीम ७:४, जिथे यरुशलेम आणि (बेथलेहेमच्या बाजूचं मानलं जाणारं) मिग्दल एदेर यांच्यामध्ये सापडलेलं बेवारस जनावर अर्पणाचं समजावं एवढंच आहे. कोकरं गुंडाळण्याचा उल्लेख कुठल्याही जुन्या ग्रंथात नाही. बाळं मात्र सगळीच गुंडाळत, यहेज्केल १६:४ बघा. ‘डिसेंबरात मेंढ्या बाहेर नसतातच’ हेही टिकत नाही. तालमुदातच बारमाही बाहेर राहणाऱ्या कळपांची नोंद आहे, आणि अवासी मेंढ्या बऱ्याचशा डिसेंबर ते फेब्रुवारीत वितात, तेव्हा रात्रीची राखण उलट जास्त लागते. यावरून तारीख सिद्धही होत नाही आणि रद्दही होत नाही.

‘मेंढरं मठ्ठ असतात, म्हणून देवाने आपल्याला मेंढरं म्हटलं’ हा समज मला सगळ्यात जास्त घातक वाटतो, कारण तो मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कारभारात उतरतो. बाब्रॅहम इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००१ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं, की मेंढी इतर ५० मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवते. एकत्र पळणं हा मूर्खपणा नाही, शिकाऱ्यापासूनचा बचाव आहे. आणि योहान १०:५ मधली मेंढरं काय करतात? परक्याचा आवाज ओळखून पळून जातात. पारख त्यांच्याकडे आहे. आपल्याकडे मंडळीच्या धर्मगुरूला म्हणतात तो ‘पाळक’ हा शब्दच पाळण्यावरून आलाय, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं, पाळणारा तो शहाणा आणि पाळला जाणारा जनावर. पण पुरातन पूर्वेत मेंढपाळ ही राजाची पदवी होती, हम्मुराबी स्वतःला मेंढपाळच म्हणवतो, आणि यहेज्केल ती पदवी घेऊन थेट हिशेब मागतो : लोकर नेसलात, चरबी खाल्लीत, कळपाचं काय केलंत? त्याच अध्यायात पुढे धष्टपुष्ट मेंढरं दुबळ्यांना कुशीने आणि खांद्याने ढकलतात, उरलेला चारा तुडवतात, पाणी पायांनी गढूळ करतात. कुठल्याही गव्हाणीवर हे रोज दिसतं. उपाय एकच, दुबळ्यांना वेगळं काढून आधी खाऊ घालणं. झोडपणं लागलं तर ते ढकलणाऱ्यांना.

आता भेटायला येणाऱ्यांचं. वाद घालू नका, ती माणसं प्रेमापोटीच बोलतात. बायबल त्यांच्या हातात द्या, यहेज्केल ३४:४ आणि ३४:१६ मोठ्याने वाचायला सांगा, आणि ‘मोडलेल्याला’ या शब्दापुढचं क्रियापद कुठलं आहे ते विचारा. अपघात का झाला याचं उत्तर तिथे नाही, आणि माझ्याकडेही नाही. प्लास्टरच्या पायाची बोटं गार किंवा निळी पडली, सूज वाढली किंवा मुंग्या थांबेनात, तर रविवारची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.